मॉरिशसच्या ‘साठपैकी साठ’चा फिरता मजकूर: एकेक दाव्याचा समाचार

१० नोव्हेंबर २०२४ ला मॉरिशसमध्ये संसदेची निवडणूक झाली. प्रविंद जगन्नाथ यांचे सरकार गेले, नवीन रामगुलाम पंतप्रधान झाले. तेव्हापासून मराठी व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर फिरतो आहे. शब्द कमीजास्त होतात, सार तेच राहते. भारताच्या मित्राला मॉरिशसने घरी बसवले. मालदीवपाठोपाठ मॉरिशसही चीनच्या खिशात गेला. साठपैकी साठ जागा, म्हणजे अख्खा देश एका बाजूला. तिथे मतपत्रिका आहेत म्हणूनच हे जमले. तिथल्या मराठी माणसानेही सत्ताधाऱ्यांना धडा शिकवला. आणि सगळ्यात शेवटी, टाळ्यांसाठी: घराणेशाही संपली.

पुढे ढकलणाऱ्यांत चांगले शिकलेसवरलेले लोक आहेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

‘भारताच्या मित्राला घरी बसवले’

प्रविंद जगन्नाथ भारताच्या जवळचे होते, यात वादच नाही. त्यांच्या काळात भारताच्या पैशाने आणि लार्सन अँड टुब्रोच्या हातून मेट्रो उभी राहिली, २०२१ मध्ये व्यापार करार झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉरिशसच्याच अगालेगा बेटावरच्या धावपट्टीचे आणि जेट्टीचे उद्‌घाटन त्यांनी मोदींसोबत केले. पण त्यांच्या जागी जे आले ते काय भारताचे वैरी होते? नवीन रामगुलाम हे सर शिवसागर रामगुलाम यांचे चिरंजीव. शिवसागर म्हणजे स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान, ज्यांचे पूर्वज बिहारमधून तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेले. मॉरिशसचा राष्ट्रीय दिन १२ मार्च, म्हणजे दांडीयात्रा निघाली तो दिवस. ज्या घरात भारताशी नाते असे मुरलेले आहे, तिथला माणूस निवडून आला म्हणून भारत हरला, हा हिशेब मांडणाऱ्याने शिवसागर हे नाव तरी ऐकले होते का, कोण जाणे.

निकालानंतर काय झाले ते उघड आहे. मोदींनी लगेच अभिनंदन केले. चार महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, राष्ट्रीय दिनाचे प्रमुख पाहुणे म्हणून ते राजधानी पोर्ट लुईला होते आणि रामगुलाम सरकारने त्यांना देशाचा सर्वोच्च सन्मान दिला. सप्टेंबरमध्ये रामगुलाम भारतात आले, मुंबईत थांबले, वाराणसीत मोदींना भेटले आणि सुमारे ६८ कोटी डॉलरचे मदतीचे पॅकेज घेऊन परतले.

मग लोक कशावर चिडले होते? महागाईवर, आणि फोनवर. महागाई सगळीकडेच असते. फोनचे प्रकरण मात्र मॉरिशसचे स्वतःचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, मतदान जेमतेम महिन्यावर आले असताना, ‘मिस्ये मुस्तास’ म्हणजे ‘मिशीवाले साहेब’ या टोपणनावाने कुणीतरी ध्वनिफिती टाकायला सुरुवात केली. राजकारणी, पत्रकार, पोलिसांतले वरिष्ठ, परदेशी मुत्सद्दी यांचे खासगी फोन. आज एक, उद्या दुसरी. संध्याकाळ झाली की लोक पुढच्या फितीची वाट बघायचे. सरकारचे म्हणणे, हे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले बनावट आवाज आहेत. तरी ज्यांचे आवाज होते त्यांतले काही जण म्हणत होते, हा माझाच फोन आहे.

यावर सरकारने जे केले ते पाहून वाटते की प्रचारातले सगळ्यात मोठे काम विरोधकांनी केलेच नाही. ऑक्टोबर संपता संपता दूरसंचार नियामकाने समाजमाध्यमे बंद करण्याचा आदेश काढला, आणि मुदत कोणती? ११ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे मतदान उरकून दुसऱ्या दिवसापर्यंत. चोरी पकडली गेल्यावर दिवेच घालवावेत तसा हा प्रकार. देशभर संताप उसळला आणि दिवसभरातच बंदी मागे घ्यावी लागली. फोन ऐकले गेले की नाही हे सिद्ध व्हायचे होते, पण लोकांचे तोंड बंद करण्याचा प्रयत्न सगळ्यांनी आपापल्या हातातल्या मोबाइलवर अनुभवला.

आता या दाव्यातला तथ्याचा कण. भारत हा विषय तिथल्या राजकारणात अजिबात नव्हता असे नाही. २०२२ मध्ये मॉरिशस टेलिकॉमच्या मुख्य अधिकाऱ्याने राजीनामा देऊन आरोप केला की पंतप्रधानांनी समुद्राखालच्या इंटरनेट केबलच्या ठाण्यात बाहेरच्या पथकाला शिरू दिले. ते पथक भारतातून आले होते, आपणच बोलावले होते आणि काम तांत्रिक पाहणीचे होते, असे जगन्नाथ यांनी सांगितले. विरोधकांनी त्यावरून रान उठवले. अगालेगात नेमके काय बांधले जाते आहे, हाही प्रश्न वर्षानुवर्षे विचारला गेला. पण दोन्ही वेळी रोख होता तो आपल्या पंतप्रधानाने आपल्याला न सांगता काय केले यावर. सत्तेवर आल्यावर याच विरोधकांनी ना अगालेगाला टाळे लावले, ना कुणाला परत पाठवले.

‘चीनच्या खिशात’

हा दावा सगळ्यात पोकळ. चीनशी मुक्त व्यापार करार करणारा आफ्रिकेतला पहिला देश मॉरिशस, हे खरे. पण तो करार ऑक्टोबर २०१९ मध्ये झाला आणि जानेवारी २०२१ पासून लागू झाला. तेव्हा पंतप्रधान कोण? तेच, मजकुरातले ‘भारताचे मित्र’. छोट्या बेटाला दोन्ही दुकानांतून खरेदी करावी लागते आणि मॉरिशसचे प्रत्येक सरकार ती करत आले आहे. त्यातही चीनच्या ‘बेल्ट अँड रोड’ प्रकल्पात मॉरिशसने सही केलेली नाही.

मालदीवशी तुलना तर ओढूनताणून. तिथे २०२३ मध्ये मुइझ्झू ‘इंडिया आउट’ या घोषणेवर निवडून आले आणि मे २०२४ पर्यंत भारतीय सैनिक परत आले. मॉरिशसमध्ये अशी घोषणा कुठल्याही मोठ्या आघाडीने दिली नाही. तिथल्या तटरक्षक दलाचे नेतृत्व वर्षानुवर्षे भारतीय नौदलातून आलेला अधिकारी करतो.

‘साठपैकी साठ, म्हणजे अख्खा देश’

आकडा बरोबर, अर्थ चूक. मुख्य बेटावर २० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून तीन खासदार जातात. हे साठ. रॉड्रिग्ज बेटाचे आणखी दोन, ते तिथल्या स्थानिक पक्षाने घेतले. मुख्य बेटावरच्या साठही जागा रामगुलाम यांच्या आघाडीला मिळाल्या, पण मते मिळाली सुमारे ६२ टक्के. जगन्नाथ यांच्या आघाडीला सुमारे २७ टक्के. म्हणजे चारातल्या एकाहून जास्त मतदारांनी हरणाऱ्यांना मत दिले आणि त्यांच्या वाट्याला थेट जागा आली शून्य.

असे का होते ते मतदान कक्षात कळते. मतदाराच्या हाती एकच मतपत्रिका, तिच्यावर मतदारसंघातले सगळे उमेदवार. त्याने तीन नावांपुढे फुली मारायची. दोनच मारल्या तर मत बाद, चार मारल्या तरी बाद. पक्षाचा मतदार सहसा आपल्या आघाडीच्या तिघांवर फुल्या मारून मोकळा होतो. मग ज्या मतदारसंघात एका आघाडीचा एक उमेदवार पुढे, तिथे तिघेही पुढे. वीस ठिकाणी हेच घडले की साठपैकी साठ.

उलट बाजूही बघा. २०१९ मध्ये जगन्नाथ यांच्या आघाडीला जेमतेम ३७-३८ टक्के मते होती, कारण विरोधक दोन गटांत फुटले होते. तरी थेट निवडलेले ६२ आणि हरलेल्यांतून घेतलेले आठ (ती सोय पुढे सांगतो) अशा सत्तरच्या सभागृहात त्यांना ४२ जागा मिळाल्या. तेव्हा कुणी म्हटले नाही की साठ टक्क्यांहून जास्त मॉरिशस त्यांच्या विरोधात आहे.

आणि ही काही पहिली वेळ नव्हे. १९८२ मध्ये असेच साठपैकी साठ झाले होते; तेव्हा हरले ते शिवसागर रामगुलाम, आणि पंतप्रधान झाले प्रविंदचे वडील अनिरुद्ध जगन्नाथ. १९९५ मध्ये पुन्हा तेच, या वेळी हरले अनिरुद्ध आणि आले नवीन रामगुलाम. ‘अख्ख्या देशाचा कौल’ मिळालेल्या या सरकारांचे पुढे काय झाले? १९८२ चे वर्षभरही टिकले नाही, ऑगस्ट १९८३ मध्ये पुन्हा निवडणूक. १९९५ ची आघाडी दोन वर्षांत फुटली. समोर विरोधक नसला की भांडायला घरचेच उरतात.

संसदेत अगदी कुणीच नको म्हणून तिथे ‘बेस्ट लूझर’ नावाची सोय आहे: हरलेल्यांतून, समाजगटांचा तोल बघून, जास्तीत जास्त आठ जणांना आत घेतात. २०२४ मध्ये विरोधी पक्षनेता झालेले जो लेज्योंगार या दारातूनच आले.

‘मतपत्रिका होत्या म्हणून’

मतपत्रिका होत्या, हाताने मोजल्या गेल्या, मोजणी दुसऱ्या दिवशी झाली. सगळे खरे. पण २०१९ मध्येही कागदच होता आणि सत्ताधारी जिंकले होते. शिवाय त्या कागदी निकालावर शंका घेऊन हरलेल्यांनी न्यायालयात याचिका केल्या होत्या. मॉरिशसच्या महिनाभर आधी समोरच्या मोझांबिकमध्येही कागदावरच मतदान झाले. १९७५ पासून सत्तेत असलेला फ्रेलिमो पक्ष विजयी जाहीर झाला आणि फसवणुकीच्या आरोपांवरून रस्त्यावर माणसे मेली. आपल्याकडे यंत्रांवर काय वाद घालायचा तो जरूर घालावा, मॉरिशस त्यात पुरावा म्हणून चालणार नाही.

‘मराठी माणसाने धडा शिकवला’

मॉरिशसमध्ये मराठी समाज आहे, दीडशे वर्षांहून जुना. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, याचे कौतुक जितके करावे तितके थोडेच. पण मराठी मते कुठे गेली हे या मजकूरवाल्याला कुणी सांगितले? मतपेटी मातृभाषा विचारत नाही. तिथल्या राज्यघटनेत समाजगट चार: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि ‘सामान्य लोकसंख्या’, म्हणजे उरलेले सगळे. मराठी, तमिळ, तेलुगू हे सांस्कृतिक बाबतीत आपापली ओळख जपतात, पण निवडणुकीच्या कागदावर हिंदूंतच मोजले जातात. बेस्ट लूझरच्या जागांचा हिशेबही १९७२ च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतरच्या जनगणनेत समाजगट विचारलेलाच नाही. तेव्हा ‘मराठी मतांचा कल’ नावाची वस्तू तिथे मोजताच येत नाही. शिवाय जगन्नाथ आणि रामगुलाम दोघेही हिंदू, दोघांचीही मुळे भोजपुरी मुलखातली. भाषेवरून किंवा धर्मावरून दोघांत निवड करायची तर करणार कशी?

‘घराणेशाही संपली’

हे वाचून तर हसावे की रडावे कळेना. १९६८ च्या स्वातंत्र्यापासूनचे पंतप्रधान ओळीने घ्या: शिवसागर रामगुलाम, अनिरुद्ध जगन्नाथ, नवीन रामगुलाम, पुन्हा अनिरुद्ध, मग पॉल बेरांजे, पुन्हा नवीन, पुन्हा अनिरुद्ध, प्रविंद जगन्नाथ, आणि २०२४ मध्ये वयाच्या ७७ व्या वर्षी पुन्हा नवीन. दोन घराण्यांच्या बाहेरचा एकच, बेरांजे, तोही २००३ ते २००५ एवढाच. हे बेरांजेही १९८२ मध्ये जगन्नाथांबरोबर, १९९५ मध्ये रामगुलामांबरोबर, २००० मध्ये परत जगन्नाथांबरोबर, २०१४ आणि २०२४ मध्ये परत रामगुलामांबरोबर. प्रविंद तर २०१७ मध्ये निवडणूक न लढताच पंतप्रधान झाले, वडिलांनी खुर्ची सोडली म्हणून. लोकांना त्याचा राग होता, पण त्यांनी सत्ता दिली ती दुसऱ्या पंतप्रधानपुत्राला.

मतदार कुणाची भीड ठेवत नाही, एवढे मात्र खरे. शिवसागर १९८२ मध्ये स्वतःच्या मतदारसंघात पडले, नवीन २०१४ आणि २०१९ मध्ये पडले, प्रविंद २०२४ मध्ये पडले. पडल्यानंतरचा भागही ठरलेला. सत्ता गेल्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये नवीन रामगुलाम यांना अटक झाली, त्यांच्या घरच्या तिजोऱ्यांतून सापडलेल्या नोटांची चर्चा तिथे कित्येक महिने चालली. सत्ता गेल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रविंद जगन्नाथ यांना मनी लाँडरिंगच्या आरोपावरून अटक झाली आणि जामीन मिळाला. दोघांनीही आरोप नाकारले, दोघांच्याही समर्थकांनी सूडाचे राजकारण म्हटले. आणि साठपैकी साठ जिंकलेले सरकार जून २०२५ च्या अर्थसंकल्पात निवृत्तिवेतनाचे वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ करायला निघाले, तेव्हा त्याच्याविरुद्ध मोर्चे निघाले ते पोर्ट लुईच्याच रस्त्यांवर.