‘-पासून’ दिसलं की ‘हॅव बीन’: या सूत्रावर का भागत नाही

नमस्कार. इंग्रजीतल्या प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस काळावरचा (‘हॅव बीन वेटिंग’सारखी रूपं) माझा लेख वाचून तुम्ही घेतलेला आक्षेप असा, की मराठी वाक्यात ‘-पासून’ आणि ‘-त आहे’ दिसलं की हॅज किंवा हॅव, पुढे बीन, पुढे आयएनजी लावलेलं क्रियापद. सिन्स किंवा फॉर घातलं की काम झालं, बाकीचा लेख पाल्हाळ. रचना तुम्ही अचूक मांडलीत. सूत्र मात्र बऱ्याच ठिकाणी फसतं, आणि आपल्या चुका नेमक्या तिथेच होतात.

सिन्स-फॉरचं पटकन सांगतो. ‘सकाळपासून’ आणि ‘दोन तासांपासून’ या दोन्हींत मराठीला ‘-पासून’ चालतं. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर सिन्स, कालावधी मोजायचा तर फॉर. म्हणून ‘सिन्स लास्ट टू डेज’ चूक, ‘सिन्स लास्ट मंडे’ बरोबर.

नकार आला की सूत्र जास्त अडचणीत येतं. ‘मी दोन वर्षांपासून त्याच्याशी बोलत नाही’ याचं तुमच्या रीतीने ‘आय हॅवन्ट बीन टॉकिंग टु हिम फॉर टू इयर्स’ होईल. त्यातून ‘बोलतोय, पण दोन वर्षं झालेली नाहीत’ असाही अर्थ निघू शकतो. क्रिया मुळात घडलीच नसेल तर साधा परफेक्ट, म्हणजे बीन आणि आयएनजी नसलेलं रूप, घ्या: ‘आय हॅवन्ट टॉक्ड टु हिम फॉर टू इयर्स’. ‘आय हॅवन्ट बीन स्लीपिंग वेल’ मात्र अगदी योग्य, कारण झोप लागते आहे, फक्त नीट लागत नाही.

नो, बिलीव्ह, ओन, बिलाँग ही स्थिती दाखवणारी क्रियापदं. ‘लहानपणापासून ओळखतो’ म्हणजे ‘हॅव नोन’. ‘हॅव बीन नोइंग’ कधीच नाही. लिव्ह, वर्क, टीच यांना दोन्ही रूपं चालतात, अर्थामध्ये फारसा फरक पडत नाही. आकडा आला तर पुन्हा साधा परफेक्ट: सकाळपासून तीन पत्रं लिहून झाली, तर ‘आय हॅव रिटन थ्री लेटर्स’. ‘हॅव बीन रायटिंग’ लिहिण्यात गेलेल्या वेळाबद्दल बोलतं, किती पत्रं हातावेगळी झाली याबद्दल नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. या काळाला ‘-पासून’ लागतंच असं नाही, आणि क्रिया अजून चालू असावी असंही नाही. समोरच्या मुलीचे डोळे लाल दिसले तर आपण विचारतो, ‘रडत होतीस का?’ मराठीत भूतकाळ, म्हणून आपण ‘वेअर यू क्राइंग?’ म्हणतो. पण रडणं नुकतंच थांबलंय आणि त्याची खूण आत्ता समोर दिसतेय, तेव्हा इंग्रजीत स्वाभाविक प्रश्न येतो ‘हॅव यू बीन क्राइंग?’ पाऊस थांबलाय, रस्ता ओला आहे, तर ‘इट हॅज बीन रेनिंग’. तुमच्या सूत्रातून ही वाक्यं कधीच निघणार नाहीत. नुसतं वाक्य न पाहता प्रसंग पाहावा, हा माझा आग्रह त्यासाठीच.

शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘आय ॲम वेटिंग फ्रॉम टू अवर्स’ म्हटलं तरी समोरच्याला कळतं, मग बिघडलं कुठे? या वाक्यात कळतं, हे खरं. पण पाहुण्याला ‘किती दिवसांपासून इथे राहताय?’ विचारायचं असताना ‘हाऊ लाँग आर यू स्टेइंग हिअर?’ म्हटलंत, तर तो ‘अजून किती दिवस मुक्काम?’ असं ऐकेल. ‘हॅव यू बीन स्टेइंग’ म्हणायला हवं होतं. नाहीतर उत्तर येईल, ‘रविवारपर्यंत’.