दिवे सगळे हिरवे, वायफाय मात्र नाही

वायफाय बंद पडलं की पुण्यातल्या घरात पहिला प्रश्न येतो, "बिल भरलंय ना?" भरलंय म्हटलं की दुसरा सल्ला, "मग बंद करून चालू करून बघ." त्यानेही भागलं नाही तर थेट टाचणी शोधली जाते. राउटरच्या मागच्या रीसेटच्या बारीक भोकात घालायची आणि सगळा राग काढायचा. लोकांच्या हातातली ती टाचणी काढून घ्यावी, एवढ्याचसाठी मी हे लिहितोय.

राउटर म्हणजे एका डबीत राहणारं एकत्र कुटुंब आहे. बाहेरची लाइन सांभाळणारा वेगळा, केबलला वाटप करणारा वेगळा आणि हवेत ओरडणारे रेडिओ दोन, एक २.४ गिगाहर्ट्झचा, एक ५ चा. त्यातला एक रुसला तरी बाकीचे व्यवस्थित जेवत असतात. म्हणून आधी दिवे बघायचे. 'एलओएस' (सिग्नल गेल्याचा दिवा) लाल लुकलुकत असेल तर फायबर कुठेतरी तुटली किंवा सुटली असावी. रस्ता कोणी खणलाय ते बघा आणि तक्रार नोंदवा. पण 'पॉन' (फायबर जोडल्याचा दिवा) स्थिर हिरवा आहे आणि फक्त 'डब्ल्यूलॅन' (वायफायचा दिवा) विझलाय, तर रेडिओ झोपलाय. खात्रीसाठी लॅन केबल लॅपटॉपला लावा. केबलवर नेट चालत असेल तर लाइन निर्दोष सुटली. "केबलवर चालतंय, हवेत नाही" हे एक वाक्य मदतकेंद्रात आधीच म्हटलं, तर पुढची बरीच प्रश्नोत्तरं वाचतात.

आता बटण. बऱ्याच राउटरवर डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडणी) आणि वायफायला मिळून एकच बटण असतं. हलकं दाबलं तर जोडणी, काही सेकंद दाबून धरलं तर रेडिओ बंद. दिवाळीच्या साफसफाईत फडकं नेमकं तिथेच जोर लावतं. काही मॉडेलं हे बंदपण लक्षात ठेवतात, मग वीस वेळा बंद-चालू करा, काही होत नाही.

पुढचं बघायला केबल लावूनच ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ उघडा, नेमका पत्ता राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. वायरलेसच्या पानावर रेडिओपुढे टिक आहे का, नाव लपवलेलं नाही ना, आणि वेळापत्रक लावलेलं नाही ना, एवढं तपासा. वेळापत्रक ही खास दहावीच्या वर्षातली करामत. रात्री १० ते सकाळी ६ वायफाय बंद असं कोणीतरी लावून ठेवतं. पण राउटरचा टाइम झोन जीएमटीवर राहिला असेल तर तेच वेळापत्रक आपल्याकडे पहाटे साडेतीनला सुरू होऊन साडेअकराला संपतं. मुलगा रात्रभर मोबाइलवर आणि बाबा सकाळच्या मीटिंगमध्ये गायब.

चॅनेलचंही, म्हणजे रेडिओ कोणत्या पट्ट्यावर बोलतो त्याचंही, असंच. २.४ वर १, ६ किंवा ११ ठेवा. 'ऑटो'ने १३ निवडलं तर अमेरिकेतून लेकाने आणलेल्या लॅपटॉपला ते बहुधा दिसतच नाही, आणि घरातला सगळ्यात महाग लॅपटॉप तोच असतो. ५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ या चॅनेलांत रडारचा मान पहिला. तिथे राउटरला आधी किमान मिनिटभर कान देऊन ऐकावं लागतं आणि रडारचा संशय आला तर चॅनेल सोडावं लागतं. वायफाय मधेच जाऊन आपोआप परत येत असेल तर ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढे जा. लोहगाव विमानतळाच्या बाजूला राहणाऱ्यांनी हा संशय जरा आधी घ्यावा.

माझा लाडका गुन्हेगार मात्र अ‍ॅडॅप्टर. रेडिओ बोलायला लागला की करंट जास्त ओढतो. अ‍ॅडॅप्टरमधला कपॅसिटर वाळला की १२ व्होल्ट त्या भाराखाली खाली बसतात. दिव्यांना लागतं चिमूटभर, ते खुशाल जळतात. रेडिओ तेवढा मान टाकतो. मल्टिमीटर लावला तर मोकळा अ‍ॅडॅप्टर छान १२ दाखवतो, कारण त्याच्यावर काम नसतं. म्हणून दुसरा लावून बघणं हीच खरी परीक्षा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा दिला तर राउटर जाऊ शकतो. पिनेचं बाहेरचं माप ५.५ मिमी असलं तरी आतलं २.१ किंवा २.५ असतं, चुकीची पिन ढिली बसते किंवा आतच जात नाही. तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, घेताना लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक आणि मधलं टोक प्लस असल्याची खूण बघा. नुसतं "साहेब, सगळ्यांना चालतो" हे लेबल नव्हे.

मग येते उष्णता. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. पुण्याच्या एप्रिलमध्ये बंद शोकेसच्या आत तेवढं तापमान सहज होतं, आणि वर क्रोशाचा रुमाल.

"काकू, त्याला श्वास घेऊ द्या."

"अरे, धूळ बसते ना!"

सकाळी चालणारं आणि दुपारी मरणारं वायफाय दिसलं की आधी रुमाल काढा, डबी मोकळ्यावर उभी करा आणि अर्धा तास गार होऊ द्या.

एवढ्यानंतर टाचणी. तीही 'वॅन' (बाहेरच्या लाइनच्या) पानाचा फोटो काढून: पीपीपीओईचं (कंपनीच्या लॉगिनचं) नाव, व्हीलॅन क्रमांक, सगळं. पासवर्ड पानावर दिसत नसेल तर तो आधी मिळवून ठेवा. रीसेटने हे पुसलं गेलं की चालू असलेली केबलही बंद.

आणि स्टेटसच्या पानावर वायरलेसच्या मॅक पत्त्यात (रेडिओच्या कायमच्या ओळख क्रमांकात) नुसती शून्यं दिसली, तर राउटरला स्वतःचा रेडिओच सापडत नाहीये. वळवाच्या विजेने विजेच्या तारेतून येऊन हे केलं असेल. दुरुस्तीत पैसे घालू नका, पण राउटर फेकूही नका, केबलपुरता तो धडधाकट आहे. माळ्यावरचा जुना राउटर काढा, मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर त्याला १९२.१६८.१.२ सारखा मोकळा पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी (इतरांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि दोघांच्या लॅन पोर्टांमध्ये केबल जोडा. जुन्याचं वॅन पोर्ट रिकामं ठेवायचं. तिथे जोडलंत तर घरात दोन वेगळी नेटवर्कं तयार होतात, आणि प्रिंटर हमखास नको त्या नेटवर्कात जाऊन बसतो.