‘आधी डॉक्टर व्हा’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार. झोपेत येणाऱ्या, घराण्यात उतरणाऱ्या फिटवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘बहुतेक रुग्णांत जनुक सापडतच नाही. उगाच लोकांच्या घराण्याला डाग लावू नका. आधी डॉक्टर व्हा, मग लिहा.’

एक चूक मान्य. ही फिट असलेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका कुटुंबात सीएचआरएनए४ या जनुकातला बिघाड सापडला तो १९९५ साली; मी १९९४ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

पण ‘आधी डॉक्टर व्हा’ ही कुठली बोलायची रीत? माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना रात्री ताडकन उठून बसायचा. डोळे सताड उघडे, गोधडी मुठीत आवळलेली, पाय सायकल मारल्यासारखे चालू. अर्धं-पाऊण मिनिट, की परत गाढ झोप. एकेका रात्री पाच-सहा वेळा. आईनं लिंबू उतरवलं, उशाशी विळा ठेवला. एका डॉक्टरांनी (हो, डॉक्टरच) ईईजी (डोक्याला तारा लावून काढलेला मेंदूचा आलेख) नॉर्मल बघून ‘लक्ष वेधायला करतोय’ म्हणत घरी पाठवलं. ही फिट बऱ्याचदा कपाळामागच्या मेंदूत खोलवर सुरू होते, डोक्याला लावलेल्या तारांना पत्ताही लागत नाही. हे त्यांना ठाऊक असायला नको? चार वर्षं गेली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी रात्रभर व्हिडिओ ईईजी केला, कार्बामाझेपिन हे फिटवरचं औषध सुरू केलं, आणि महिन्याभरात आमच्या घराला झोप लागली.

त्यांनीच विचारलं, घरात आणखी कुणाला? बाबा खाली बघत राहिले. आत्याला ‘रात्री झपाटते’ म्हणून सासरहून परत पाठवलं होतं. पुढे तपासणीत भावात जनुकाचा बिघाड निघाला, बाबांमध्येही तोच, पण बाबांना आयुष्यात एकही फिट नाही. असंच असतं : मुलांत उतरायची शक्यता निम्मी, आणि उतरला तरी १०० पैकी साधारण ७० जणांनाच त्रास होतो. आत्याला डाग कुणी लावला, जनुकानं? जनुकाचं नाव तेव्हा कुणाला माहीत होतं? ‘बाधा’ या शब्दानं लावला. आणि तुम्ही मला घराण्याचं सांगता!

बहुतेकांत जनुक सापडत नाही, हे आहेच. लेख त्यांच्याबद्दल नव्हता, त्यावर वाद नको.

यापुढे नावानिशी लिहा. आणि घरात कुणी झोपेत असं करत असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. मला उत्तर नाही दिलंत तरी चालेल.