‘यंत्राला भोक दिसते, दोष दिसत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांची सीटी तपासणी (एक्स-रेने भागाच्या आतले त्रिमितीय चित्र उभे करणारी तपासणी) स्वयंचलित कशी करता येते, या माझ्या लेखावर ‘जुना फाउंड्रीवाला’ या नावाने पुढील प्रतिक्रिया आली आहे : “बाबू, एसीत बसून लिहिणे सोपे असते. दवाखान्यातले यंत्र कारखान्यात आणून ठेवले म्हणून तपासनीस घरी बसत नाही. यंत्राला भोक दिसते, दोष दिसत नाही. जाड पोलादात तर तेही दिसणार नाही. शिवाय एवढा पैसा बुटीबोरीत कोणाकडे आहे?”

आपण वयाने वडील असाल असे गृहीत धरून लिहितो; तरी अनोळखी माणसाला ‘बाबू’ म्हणण्याचा अधिकार वयामुळे मिळतो, असे मला वाटत नाही. एसीचे म्हणाल, तर माझी उमेदवारी हिंगण्याच्या एमआयडीसीतील एका फाउंड्रीच्या रेडिओग्राफी विभागात झाली. पत्र्याच्या छपराखालची, खिडक्यांना काळा कागद लावलेली फिल्म पाहण्याची खोली नागपूरच्या मे महिन्यात कशी तापते, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच खोलीत, सकाळी ज्या प्रकारचे छिद्र पाहून माल नाकारला जाई, तसलेच छिद्र पाळी संपताना बिनबोभाट पास होताना मी पाहिले आहे. तपासनिसाच्या ज्या नजरेचा आपण एवढा अभिमान बाळगता, ती नजर त्या काळी माझीही होती.

‘दवाखान्यातले यंत्र’ हा टोमणाही तपासून मारता आला असता. सीटीचे जनक हाउन्सफील्ड यांच्या स्कॅनरने १९७१ मध्ये पहिला रुग्ण तपासला, हे खरेच. परंतु शंकूच्या आकाराच्या किरणझोतापासून त्रिमितीय चित्र उभे करण्याचे जे गणित औद्योगिक यंत्रांत सर्रास वापरले जाते, ते फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस यांनी १९८४ मध्ये मांडले, आणि ते तिघे फोर्ड मोटर कंपनीच्या संशोधन विभागात होते.

जाड पोलादाबद्दलचे आपले म्हणणे मात्र मान्य. ॲल्युमिनियमला पुरणारी २२५ किलोव्होल्टची एक्स-रे ट्यूब तिथे अपुरी पडते. ४५० किलोव्होल्टची ट्यूब किंवा थेट लिनिअर ॲक्सिलरेटर (त्याहून भेदक एक्स-रे देणारे यंत्र) लागतो. माझा लेख ॲल्युमिनियमवर होता, एवढे आपण वाचले असेलच.

राहिले ते टाळ्या घेणारे वाक्य : यंत्राला भोक दिसते, दोष दिसत नाही. साध्या एक्स-रे फिल्मवर संपूर्ण जाडीची सावली एकावर एक पडते, त्यामुळे छिद्र भिंतीच्या मध्यात आहे की पृष्ठभागाशी, हे एका फिल्मवरून कळत नाही. सीटीत भाग टर्नटेबलवर फिरवून शेकडो कोनांतून प्रतिमा घेतल्या जातात आणि प्रत्येक छिद्राची नेमकी जागा मिळते. ते चित्र कॅड मॉडेलशी, म्हणजे भागाच्या संगणकावरील आराखड्याशी जुळवले, की मशिनिंगनंतर उरणारा पृष्ठभाग त्या छिद्रापासून किती दूर असेल, हे सॉफ्टवेअर मोजते. भिंतीच्या पोटातले अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र निरुपद्रवी असू शकते. तेवढेच छिद्र ओ-रिंगच्या (गळती रोखणाऱ्या रबरी कडीच्या) खाचेत उघडे पडले, तर तेल गळते. आपला ‘दोष’ तो हाच ना? छिद्राचा आकार, पृष्ठभागापासूनचे अंतर आणि शेजारच्या छिद्राशी जवळीक, यांत तो लिहून देता येतो, आणि लिहून दिलेला निकष यंत्र रात्रपाळीतही तसाच लावते.

खरी अडचण आपल्याला सुचलीच नाही, म्हणून मीच सांगतो. ट्यूबमधून निघणाऱ्या किरणांत निरनिराळ्या ऊर्जांचे मिश्रण असते. कमी ऊर्जेचे किरण धातूत आधी शोषले जातात, आणि त्यामुळे चित्रात भागाचा मध्य कडेपेक्षा विरळ भासतो. कोणत्या करड्या छटेपलीकडे छिद्र मानायचे याची सगळीकडे एकच मर्यादा लावली, तर सॉफ्टवेअर भरीव धातूलाही सच्छिद्र ठरवू शकते. म्हणून ट्यूबपुढे तांब्याची पातळ पट्टी लावतात, गणिती दुरुस्ती करतात आणि मर्यादा जागेनुसार बदलतात. शिवाय डिटेक्टरचा पिक्सेल २०० मायक्रॉनचा आणि विवर्धन चौपट असेल, तर व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय चित्राचा सर्वांत लहान ठोकळा, ५० मायक्रॉनचा होतो, आणि छिद्र खात्रीने ओळखायचे तर ते काही व्हॉक्सेल रुंद असावे लागते. विवर्धन वाढवले, तर मोठा भाग डिटेक्टरच्या चौकटीत मावत नाही. यावर वाद घातला असता, तर मला आनंदच झाला असता.

पैशाचा हिशेब ज्याचा माल परत येतो त्याने करावा. त्यावर मी बोलणार नाही.

पुन्हा लिहिणार असाल, तर आपल्या फाउंड्रीच्या ड्रॉइंगवर सच्छिद्रतेचा निकष काय दिला आहे, तेवढे कळवा. ‘ग्राहकाचे समाधान होईल असे’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते यंत्राला कळणार नाही हे मान्य. पण तुमच्या तपासनिसाला ते रोज नेमके कसे कळते, तेही त्यासोबत लिहा.