पाणी ओसरल्यावर माणसं झोपतात कुठे?

आपत्तीच्या प्रशिक्षणात नागपूरचा हात धरणारं शहर देशात क्वचितच सापडेल. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून इथे आहे. नागरी संरक्षण महाविद्यालयही त्याच वर्षी इथे सुरू झालं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) अकादमी इथली, राज्याच्या तशाच दलाची (एसडीआरएफ) एक तुकडी इथली, आणि लष्कर हाकेच्या अंतरावर कामठीला. बोट कशी हाकायची, ढिगाऱ्याखालून माणूस कसा काढायचा, हे शिकायला देशभरातून लोक आपल्याकडे येतात. आता मला एवढंच सांगा, बोटीतून काढलेला माणूस त्या रात्री झोपणार कुठे, हे ठरवणारं टेबल या शहरात नेमकं कुठे आहे? आणि पुढचे सहा महिने तो कुठे राहणार, हे कोण पाहतं?

मी पेशानं सिव्हिल इंजिनीअर आहे. राजकारणातलं मला फार कळत नाही, पण घर म्हणजे काय आणि ते किती लवकर राहण्याजोगं उरत नाही, हे कळतं. म्हणून हे लांबलचक लिहिते आहे. वेळ नसेल तर रात्री वाचा, पण वाचा.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, घराघरात पाहुणे मुक्कामी. मध्यरात्रीनंतर चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, समता लेआउट, सगळीकडे तळमजल्यात छातीपर्यंत पाणी. मूकबधिर शाळेतल्या मुलांना पथकांनी बाहेर काढलं, वसतिगृहातल्या मुली सुखरूप हलवल्या. माणसं दगावली, हे विसरून चालणार नाही, पण बचावाचं काम ज्यांनी केलं त्यांना सलाम. सरकारी आकडा सुमारे दहा हजार घरांचा होता. घरटी दहा हजार रुपये, दुकानांना पन्नास हजारांपर्यंत मदत जाहीर झाली.

त्यानंतर आपण बोललो कशावर? तलावाच्या भिंतीवर, ओव्हरफ्लोच्या तोंडाशी असलेल्या पुतळ्यावर, नदीपात्रातल्या बांधकामांवर. प्रकरण हायकोर्टात गेलं, जायलाच हवं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून पुढे काय झालं, यावर कोणी दोन ओळी लिहिल्याचं मला आठवत नाही.

मी आणि आमचा एक लहानसा गट त्या आठवड्यात तिकडे फिरत होतो. दुपारी बारापर्यंत एकाच गल्लीत खिचडीच्या गाड्यांवर गाड्या. पोह्यांची पाकिटं गेटवर पडून. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला, त्यावर पुन्हा पाऊस. आणि कोरडी गादी? एकही नाही. पंप? ज्याच्या ओळखीचा होता त्याच्याकडे. इलेक्ट्रिशियनला लोक रस्त्यात अडवत होते, कारण मीटर बुडालेलं, स्विच दाबायची छाती होत नव्हती. मदत भरपूर होती हो. कोणाला काय लागतं आणि कोण काय आणतंय, हे एका कागदावर मांडणारं माणूस नव्हतं, एवढंच.

एका फ्लॅट स्कीममध्ये पार्किंगमधल्या खोलीत चौकीदाराचं कुटुंब राहायचं. खोली छतापर्यंत भरून गेलेली. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी त्यांना आसरा दिला, जेवण दिलं, हे खरं. मी त्या बाईला विचारलं, जवळच्या शाळेत सोय केली आहे म्हणतात, तिकडे का नाही जात? ती म्हणाली, "शाळेत जाऊन काय करू ताई? अन् इथलं सामान कोन पाहीन?"

निवाऱ्याच्या विषयातली अर्धी विद्या या एका वाक्यात आहे. पूर असो की भूकंप, बहुतेक माणसं छावणीत जात नाहीत. ती मावशीकडे जातात, वरच्या मजल्यावर चढतात, नाहीतर पडक्या घराच्या दारातच बसून राहतात. चोरीची भीती असते, म्हशी-बकऱ्या असतात, सकाळी कामावर जायचं असतं. आपली यंत्रणा मात्र मोजते ती छावणीतली डोकी. छावणी रिकामी दिसली की शेरा पडतो, 'परिस्थिती पूर्वपदावर.' ज्या मावशीच्या दोन खोल्यांत नऊ जण झोपले आहेत, तिच्या घरी ना गादी पोहोचत, ना गहू.

जगात हा धडा शिकून झालेला आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मदतीचा महापूर आला आणि कोण कुठे काय बांधतंय याचा मेळ राहिला नाही. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने कामं वाटून घेण्याची पद्धत ठरली. पाणी-स्वच्छता एका टेबलावर, आरोग्य दुसऱ्या, निवारा तिसऱ्या. निवाऱ्याचं टेबल नैसर्गिक आपत्तीत रेडक्रॉस-रेड क्रिसेंटच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने सांभाळायचं आणि युद्धामुळे विस्थापन झालं तर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने, यूएनएचसीआरने. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानातल्या काश्मीर भागात भूकंप झाला, तेव्हा ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली. टेबल सांभाळायचं म्हणजे सगळी घरं स्वतः बांधायची नाहीत. कोण, काय, कुठे आणि केव्हा देतंय याची एकच यादी ठेवायची, ती रोज ताजी करायची, आणि एका गावात तिघं ताडपत्री वाटताहेत नि शेजारच्या गावात कोणीच नाही, असं दिसलं की फोन उचलायचा.

कंटाळवाणं काम आहे. फोटो निघत नाही यात. म्हणून तर कोणी करत नाही.

रेडक्रॉसची निवाऱ्याची पेटी पाहा. चार बाय सहा मीटरच्या दोन ताडपत्र्या, आणि सोबत दोरी, खिळे, हातोडा, करवत, तार, फावडं. ताडपत्रीसोबत हातोडा का? कारण पहिला निवारा माणूस संध्याकाळच्या आत स्वतःच उभा करतो, आणि त्याच्याकडे नसते ती अवजारं. आपल्याकडे ताडपत्री वाटली जाते, तीही फोटोपुरती, आणि बांधायची कशाने हे ज्याचं त्याने बघायचं. शहरी पुरात तर माझ्या मते ताडपत्रीच्याही आधी फावडं, पंप, फिनाइल आणि इलेक्ट्रिशियन लागतो. चिखल काढून, मीटर तपासून, घर चार दिवसांत राहण्याजोगं झालं, तर त्या कुटुंबाला छावणीची गरजच उरत नाही. हे निवाऱ्याचंच काम आहे, पण आपण त्याला साफसफाई समजून सोडून देतो.

आता कोणी म्हणेल, ताई, हे सगळं मोठ्या संस्थांचं, आपल्या नागपूरला कुठे झेपणार? तर बाप्पा, याच गावाला झेपतं, आणि ते दर वर्षी झेपतं. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आपल्या पाचवीला पुजलेलं. डिसेंबर आला की राज्यभरातून हजारो पोलीस बंदोबस्ताला येतात, मंत्री येतात, त्यांच्यामागे कर्मचाऱ्यांचा लवाजमा येतो, मोर्चे येतात. कोणती तुकडी कोणत्या मंगल कार्यालयात, कोणत्या शाळेत किती गाद्या, गरम पाणी कुठे, हे आधी कागदावर ठरतं. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, रात्र काढतात, त्यांच्यासाठी नळ, फिरती शौचालयं, दवाखाने, दिवे सगळं उभं राहतं आणि चार दिवसांत उचललंही जातं. यात कमतरता नसतेच असं नाही. पण जागा, गाद्या, पाणी, माणसं यांचा हिशेब मांडणारी कारकुनी या शहराच्या हाडात आहे. तीच फाइल जूनमध्ये उघडून ठेवायला काय हरकत आहे? पोलिसांसाठी जी मंगल कार्यालयं डिसेंबरात मिळतात, ती जुलैत पूरग्रस्तांसाठी मिळणार की नाही, कोणत्या दराने, किल्ली कोणाकडे, हे आधीच ठरवता येतं.

आणि ठरवताना जरा गणित करा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये मदतीची किमान मानकं काढली आहेत. छावणीत माणशी साडेतीन चौरस मीटर झाकलेली जागा, तीस जणांमागे एक शौचालय, माणशी रोज तीन लिटर पिण्याचं पाणी. आपल्या लेआउटमधलं समाजभवन चाळीस फूट बाय साठ फूट धरू. म्हणजे साधारण २२३ चौरस मीटर. त्यात मानकाप्रमाणे जेमतेम त्रेसष्ट माणसं मावतात. लग्नात तिथे पाचशेंची पंगत उठते, म्हणून कागदावर 'क्षमता ५००' लिहिलेलं असतं. शौचालयं दोन, त्यातलं एक बंद. बायकांना अंघोळीला आडोसा नाही. अशी यादी असली काय, नसली काय.

आता यातला सगळ्यात अवघड भाग, किरायाने राहणारे. सिमेंट रोडच्या कडेला राहणारे मजूर, तळमजल्यात खोली घेऊन राहणारी एमपीएससीची पोरं, छिंदवाडा-बालाघाटहून आलेली कुटुंबं. त्यांचं आधार गावच्या पत्त्यावर, रेशनकार्ड तिकडेच, किरायाचा करारनामा नाही. घर घरमालकाचं, वाहून गेलेली भांडी यांची. पंचनाम्याला पटवारी येतो तेव्हा हे कामावर. घर अंशतः पडलं तर केंद्राच्या निकषात पक्क्या घराला साडेसहा हजार आणि कच्च्याला चार हजार आहेत, तेही किमान पंधरा टक्के पडझड असेल तर. साडेसहा हजारांत आज एका भिंतीचा गिलावासुद्धा होत नाही, हा माझा धंदा आहे म्हणून सांगते. पण निदान मालकाचं नाव यादीत तरी येतं. किरायेदाराला शेजारीपाजारी ओळखतात, कागद ओळखत नाही. निवाऱ्याचं टेबल चालवणाऱ्याने पहिल्याच दिवशी ठरवायचा मुद्दा हाच: राहत असल्याचा पुरावा म्हणून काय चालेल? विजेचं बिल नसेल तर शेजाऱ्यांच्या दोन सह्या, अंगणवाडीताईचं रजिस्टर, काहीही. पण ते आधी जाहीर करा.

पुनर्वसनाचं तर आपल्या जिल्ह्यालाच विचारा. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीने मोवाड गिळलं, दोनशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर दोन वर्षांनी किल्लारी. तिथे बावन्न गावं नव्या जागी वसवली. रुंद रस्ते, चौकोनी आखणी, आणि शेजार तुटला, गोठ्याला जागा उरली नाही, अशी तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येत राहिली. पण त्याच किल्लारीच्या कार्यक्रमाचा दुसरा भाग आपण विसरतो. दीड लाखाहून जास्त घरं आहे त्या जागी दुरुस्त आणि मजबूत झाली. पैसा मालकाच्या हातात, सल्ला इंजिनीअरचा, आणि गावातल्या बायका संवाद सहायक म्हणून मध्ये. सिमेंट आलं का, कोपऱ्यात बांध घातला का, हे त्या पाहायच्या. नेपाळनेही २०१५ च्या भूकंपानंतर घरटी तीन लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत दिले, पुढचा हप्ता बांधकाम पाहून. घर ज्याचं, त्याच्या हातून ते उभं राहिलं की टिकतं, असं माझं ठाम मत आहे. आयतं देण्याच्या घाईत काय होतं, त्याला दरडीखाली गेलेलं माळीण साक्षी आहे. २०१७ मध्ये नवं गाव लोकांच्या हवाली केलं आणि पहिल्याच पावसाळ्यात रस्ते खचले, तडे गेले.

आणि तात्पुरतं म्हणजे किती दिवस? इर्शाळवाडीची कुटुंबं दरडीनंतर कंटेनरमध्ये गेली, वर्ष उलटलं तरी तिथेच होती. आपल्या गावात पत्र्याचं शेड ऑक्टोबरात उभं राहील, मेमध्ये त्यात माणूस असेल. नागपूरचा मे! २०१३ मध्ये ४७.९ अंश गेलेला. पत्र्याखाली बाळंतीण कशी राहील, याचा विचार शेडचं टेंडर काढतानाच करावा लागतो. छताची उंची, वर गवताचा किंवा तट्ट्यांचा थर, समोरासमोर खिडक्या. यात फार पैसा नाही, पण तो ड्रॉइंगमध्ये आधी यावा लागतो.

२०२५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती झाली. आता राजधान्या आणि महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र शहरी प्राधिकरण नेमता येतं, महापालिका आयुक्त अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. कायद्याने खुर्ची दिली आहे. माझी मागणी त्या खुर्चीखालच्या एका स्टुलाची आहे: महापालिकेच्या दहाही झोनमध्ये निवाऱ्यासाठी एक नाव, एक फोन नंबर, एक यादी. त्या यादीत जागा, गाद्या, पंप, इलेक्ट्रिशियन, गवंडी, आणि तळमजल्यात-पार्किंगमध्ये राहणारी कुटुंबं. ती दर मे महिन्यात ताजी व्हावी आणि झोन ऑफिसच्या भिंतीवर लागावी. बैठकीचा फोटो नको.

सरकार करेल तेव्हा करेल. आमच्या गटाने आपल्यापुरती सुरुवात केली आहे. तुमच्या लेआउटमधलं समाजभवन, बुद्धविहार, शाळा किंवा मंगल कार्यालय यांपैकी जे उंचावर आहे आणि २०२३ ला कोरडं राहिलं, त्याचं नाव कमेंटमध्ये लिहा. सोबत हॉलची लांबी-रुंदी, शौचालयं किती आणि त्यातली चालू किती, बोअर आहे का, जनरेटर आहे का. किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांचा नंबर इथे जाहीर टाकू नका, मला इनबॉक्स करा. आणि मोजायला टेप नसेल तर पावलांनी मोजा, चालेल.