आभासी खरेदीदार आपल्यासारखे चुकत नाहीत

‘संगणकावर लाखो आभासी व्यवहार घडवून बाजाराचे नियम पारखता येतात, मग प्रयोगशाळेत माणसे बसवण्याचा खटाटोप कशाला?’ हा एका लेखातील सूर मला पटला नाही. खरेदीदार आणि विक्रेते दोघेही बोली लावतात अशा दुहेरी लिलावापुरते त्यात तथ्य आहे. धनंजय गोडे आणि श्याम सुंदर या संशोधकांनी १९९३ साली दाखवले की, तोटा करायचा नाही एवढ्याच बंधनात स्वैर बोली लावणारे, अक्षरशः बुद्धिशून्य प्रोग्रॅमही बाजाराची कार्यक्षमता (म्हणजे व्यवहारांतून शक्य असलेल्या एकूण लाभापैकी प्रत्यक्ष पदरात पडणारा वाटा) जवळजवळ पूर्णत्वाला नेतात. पण हे निरीक्षण सगळ्याच नियमांना लावणे घाईचे आहे.

ज्यात सर्वांत मोठी बोली जिंकते, पण किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी द्यावी लागते, तो बंद पाकिटातील लिलाव घ्या. वस्तूचे मोल आपल्याला जेवढे वाटते तेवढीच बोली लावणे येथे सर्वांत हिताचे असते. विद्यार्थी असताना अशा एका प्रयोगात मी बसलो होतो. मला दिलेल्या कार्डावर वस्तूचे माझ्यापुरते मोल होते ७०. ‘द्यायची तर दुसऱ्याचीच किंमत आहे’ या हिशेबाने मी ८५ लिहिले, दुसऱ्या क्रमांकाची बोली ८० निघाली आणि मी जिंकून १० गमावले. (सिद्धांत आदल्याच आठवड्यात शिकलो होतो, हे वेगळे सांगायला नको.) हीच चूक प्रयोगांत वारंवार दिसते, आणि किंमत सर्वांसमोर चढत जाणाऱ्या लिलावात मात्र ती बरीच ओसरते. आभासी खरेदीदाराला ही चूक आपण आधी शिकवली, तरच तो ती करणार. आणि काय शिकवायचे, हे माणसांना बसवल्याशिवाय कळणार कसे?