‘मदरबोर्डच डिफेक्टिव्ह दिला’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार.

आम्ही जोडून दिलेल्या पीसीबद्दल तुमची तक्रार अशी: नेटचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा असून लॅनवर, म्हणजे केबलने, ९४ च मिळतात, वायरलेस माउस अडखळतो, मागच्या एचडीएमआयवर (मॉनिटरच्या पोर्टावर) चित्र येत नाही, पुढच्या निळ्या यूएसबीवर कॉपी रखडते, आणि मागे गोल पोर्ट आहे म्हणजे बोर्ड जुन्या स्टॉकचा. यातली यूएसबीची चूक बहुतेक आमची आहे, एचडीएमआयची निम्मी आमची. बाकीच्या तीन गोष्टींचा बोर्डाशी संबंध दिसत नाही. का, ते सांगतो.

लॅनचं कोडं तुमच्या ९४ या आकड्यातच सुटतं. १०० एमबीपीएसच्या लिंकवर प्रत्येक पॅकेटच्या आगेमागे जाणारी माहिती वजा केली की हातात जेमतेम ९४-९५ उरतात. वेग तिथेच अडून बसतो, याचा अर्थ गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) पोर्ट १०० वर उतरून चाललाय. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट उघडा. ‘लिंक स्पीड’समोर १००/१०० दिसेल. पोर्टावरच्या दिव्याच्या रंगावरून अंदाज बांधू नका. एका कंपनीच्या बोर्डावर गिगाबिटला हिरवा लागतो, दुसरीच्या बोर्डावर केशरी.

१०० एमबीपीएसला केबलमधल्या आठपैकी चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी तुटली, तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येतं. प्लगची क्लिप खाली आणि केबल स्वतःकडे करून उजेडात धरा. डावीकडून पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा क्रम हवा, आणि आठही तारा पार टोकापर्यंत पोचलेल्या हव्यात. घाईत चारच तारा क्रिम्प करून (प्लगमध्ये दाबून बसवून) ‘नेट चालू झालं’ म्हणणारेही आहेत. तुमच्या फोटोतली केबल भिंतीतल्या भोकातून आलेली आणि प्लग हाताने क्रिम्प केलेला दिसतो, म्हणून पहिला संशय तिच्यावर.

‘फोनवर वायफायने २८० येतात, म्हणजे राउटर ठीक’ असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून लाइन ठीक आहे एवढंच कळतं. कनेक्शनसोबत मिळणाऱ्या बऱ्याच राउटरांचे लॅन पोर्ट १०० चेच असतात, काहींत चारांपैकी एकच गिगाबिट असतो. कॅबिनेट राउटरजवळ न्या, दीड-दोन मीटरची तयार कॅट ५ई पॅच कॉर्ड (गिगाबिट झेपणारी छोटी केबल) लावा आणि राउटरचे पोर्ट एकेक करून बघा. कुठेही १०००/१००० दिसलं, तर बोर्ड निर्दोष. खात्रीच्या गिगाबिट पोर्टावरही १०० राहिलं, तर पीसी बंद करून बोर्डाच्या लॅन पोर्टात टॉर्च मारा. मागच्या पत्र्याची स्प्रिंगसारखी जीभ कधी कधी बसवताना पोर्टाच्या आत जाते आणि पिनांना चिकटते. तसं दिसलं तर ती चूक आमची, पण ती जीभ घरी उचकटू नका.

(केबल गच्चीवरून लोंबत येत असेल, तर वळवाचा गडगडाट सुरू व्हायच्या आधीच काढून ठेवा. साधा यूपीएस लाइटच्या वायरीतून येणारा झटका सांभाळतो, लॅनच्या वायरीतून येणारा नाही.)

माउसचं उत्तर तर तुमच्याच फोटोत आहे. माउसचा रिसीव्हर निळ्या यूएसबी ३ पोर्टात आणि त्याला खेटून एक्स्टर्नल हार्ड डिस्क. यूएसबी ३ पोर्ट ५ जीबीपीएसने चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट होतो, आणि माउस त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलंय. रिसीव्हर काळ्या यूएसबी २ पोर्टात घाला. तेवढ्याने भागलं नाही, तर एक मीटरची एक्स्टेन्शन लावून तो टेबलावर आणा.

एचडीएमआय. केबल तुम्ही वरच्या, यूएसबीच्या रांगेतल्या पोर्टात लावलीय. तो बोर्डाचा. बिलावर प्रोसेसर आय५-१२४००एफ आहे. शेवटच्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही, म्हणून त्या पोर्टातून चित्र कधीच येणार नाही. केबल खाली, ग्राफिक्स कार्डाच्या आडव्या पोर्टात लावा. असा प्रोसेसर देताना वरच्या पोर्टाला टोपी लावून द्यायला हवी होती. ती राहिली, हे कबूल.

पुढचा यूएसबी मात्र आमच्या हातचा दोष वाटतो. तुम्ही दिलेला सेकंदाला ३५ एमबी हा वेग यूएसबी २ चा आहे. तीच डिस्क मागच्या निळ्या पोर्टात तिप्पट धावते, म्हणजे डिस्कही ठीक. पुढच्या पोर्टांची जाड केबल बोर्डावरच्या १९ पिनांच्या हेडरवर (उभ्या पिनांच्या खोबणीवर) बसते. तिचा ठोकळा तिरका दाबला की एखादी पीन वाकते. वेगवान जोडीतली पीन गेली, तर पोर्ट मरत नाही, यूएसबी २ वर घसरतो. जोडणीनंतर आम्ही तिथे पेनड्राइव्ह ‘दिसतो का’ एवढंच पाहिलं, वेग मोजला नाही. पीन सरळ होत असेल तर करून देऊ. तुटली असेल तर बोर्ड बदलून देऊ. दोन्हीचा खर्च आमचा.

आणि तो अर्धा जांभळा, अर्धा हिरवा गोल पोर्ट: पीएस/२, १९८७ पासूनचा. बी६६० सारख्या २०२२ मध्ये आलेल्या चिपसेटच्या (बोर्डाच्या मुख्य चिपच्या) बोर्डांवरही कंपन्या तो देतात, कारण यूएसबी बंद ठेवणाऱ्या ऑफिसांना कीबोर्ड लावायला तोच लागतो. त्यावरून बोर्डाचं वय काढू नका. वापरलात तर पीसी बंद करूनच कीबोर्ड लावा-काढा.

येताना फक्त कॅबिनेट आणा, आणि ती भिंतीतली केबल सुटी होत असेल तर तीही आणा, टेस्टरवर दोन मिनिटांत कळेल. दुकानाच्या तपकीर गल्लीत चारचाकी शिरवू नका, मंडईच्या वाहनतळावर लावून फोन करा. कॅबिनेट उचलायला मुलगा पाठवतो.